हितसंबंधित कोण?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासत बसले होते. शेजारच्या मराठी शाळेतले एक सर मोबाइल हातात घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, हे तुमच्याच गावाचे ना? बघा जरा."

वर्तमानपत्राच्या आतल्या पानाचा फोटो होता. पानभर बारीक अक्षरांत सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि हेक्टरमधले क्षेत्र. वर लिहिले होते की राष्ट्रीय महामार्गाच्या वळणरस्त्यासाठी, म्हणजे आपण ज्याला बायपास म्हणतो त्यासाठी, खालील जमिनी संपादन करण्याचा सरकारचा इरादा आहे. त्यात कुणाचे नाव नव्हते. नुसते आकडे.

घरी आले आणि मरहूम सासऱ्यांची लोखंडी पेटी उघडली. सातबारा उतारे काढून एकेक नंबर जुळवला. तीन नंबर जुळले. घरामागचे भाताचे शेत, पऱ्याच्या काठची वरकस जमीन आणि कब्रस्तानाच्या वाटेला लागून असलेला एक तुकडा. मग तारीख पाहिली. अधिसूचना निघून 9 दिवस झाले होते. हरकत घ्यायची मुदत 21 दिवसांची होती.

आमचे गाव दक्षिण रायगडात आहे. कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांसारखेच. अर्ध्या घरांना कुलूप, कारण घरातली माणसे कुवेत, सौदी, कतार किंवा मुंब्र्याला. जमिनी त्यांच्या नावावर, आणि राखायला म्हातारी माणसे व बायका. आमचे बुजुर्ग मुंबईहून येणारा उर्दू पेपर वाचतात. तरुण मुले मोबाइल वाचतात. कायद्याने नोटीस दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले हवे. त्याप्रमाणे ती मराठीत छापली गेली. कायद्याचे पोट भरले. पण ज्यांच्या दारातून रस्ता जाणार होता त्यांच्यापर्यंत ती पोहोचली शेजारच्या शाळेतल्या एका सरांच्या मोबाइलवरून.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या खोलीत जमातीची बैठक बसली. माझ्या मालकांनी येऊन सांगितले, "नोटिशीतली मराठी कुणाला कळत नाही. तुला वाचायला बोलावले आहे." मी डोक्यावर ओढणी नीट केली आणि दारापाशी खुर्ची टाकून बसले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते म्हणून हे काम माझ्याकडे आले. एरवी त्या खोलीत बाईचे काम नसते.

शासकीय मराठी ही खरोखर वेगळीच भाषा आहे. एकेक शब्द फोडून सांगावा लागला. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा 1956चा आहे. त्याच्या कलम 3-अ खाली सरकार इरादा जाहीर करते. कलम 3-क खाली 21 दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी हवी, कारणे लिहिलेली हवीत, आणि हरकत घेणाऱ्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. त्यानंतर कलम 3-ड खाली घोषणा निघाली की जमीन सरकारची होते, कोणताही बोजा न राहता. पुढे वाद राहतो तो फक्त मोबदल्याचा.

मी वाचत होते आणि मध्येच चाचांनी विचारले, "हे हितसंबंधित व्यक्ती म्हणजे कोण?"

मी म्हटले, "ज्याचा त्या जमिनीत हक्क आहे तो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो."

"मग बरोबर आहे," चाचा म्हणाले आणि बैठक पुढे गेली. पुढे म्हणजे लगेच भावावर. गुंठ्याला किती मिळणार? शेजारच्या तालुक्यात किती मिळाले? बायपासला लागून उरलेल्या जमिनीला काय दर येईल? एकजण म्हणाला, पंपाला जागा देता येईल. बाजारपेठेत ज्यांची दुकाने आहेत ते गप्प होते. गाड्या बाहेरून गेल्या तर हॉटेल, पंक्चरचे दुकान, फळांची गाडी यांचे काय होणार हे त्यांना दिसत होते; पण त्यांचा एकही सर्व्हे नंबर यादीत नव्हता. कायद्याच्या हिशेबाने ते हितसंबंधित नव्हतेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी बायपासच्या विरोधात नव्हते आणि आजही नाही. आमच्या बाजारातून जाणारा रस्ता इतका अरुंद आहे की समोरासमोर दोन ट्रक आले तर पायी चालणाऱ्याने दुकानात शिरावे. गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा अडकून पडते. रस्ता हवाच. प्रश्न होता तो कुठून जातो, किती उंचीवरून जातो आणि त्याला ओलांडायचे कसे, याचा. बैठकीत हे प्रश्न कुणी काढले नाहीत. मलाही ते सुचत होते, पण मी वाचायला आले होते, बोलायला नाही, असे स्वतःला सांगून गप्प बसले. याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी फुफी घरी आल्या. माझ्या मालकांच्या फुफी, म्हणजे सासऱ्यांची एकुलती एक बहीण. वय पंचाहत्तरच्या पुढे. गावातच दिल्या, गावातच बेवा झाल्या. म्हणाल्या, "दुल्हन, रस्ता कुठून नेणार ते मला दाखव." त्यांना नकाशा दाखवून उपयोग नव्हता. आम्ही दोघी शेतातून चालत निघालो.

त्या एका तासात मला जे कळले ते बैठकीतल्या दोन तासांत कळले नव्हते. घरामागच्या शेताच्या खालच्या टोकाला थांबून फुफी म्हणाल्या, "पऱ्याचे पाणी इथे वळते. वर डोंगरावर पाऊस झाला की अर्ध्या तासात इथे कंबरेइतके पाणी. इथे मातीचा बांध घातलात तर पाणी जाणार कुठे? आपल्या मोहल्ल्यात." जुलै 2021चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. महाड शहर पाण्यात गेले आणि तळियेवर डोंगर कोसळला ते दिवस. त्या वेळी आमच्या उंबऱ्याला पाणी लागले होते. भरावाचा रस्ता म्हणजे शेतात उभी केलेली भिंतच. त्यात मोऱ्या कुठे आणि किती मोठ्या ठेवायच्या हे कार्यालयात बसून ठरले तर चुकणारच.

पुढे शाळेची वाट. पलीकडच्या आदिवासी वाडीची आणि कुणबी वाडीची मुले रोज याच वाटेने दोन्ही शाळांना येतात. मग कब्रस्तानाची वाट. जनाजा खांद्यावर घेऊन माणसे चौपदरी रस्ता ओलांडणार कशी?

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गाला एक काम दिले. घरापासून शाळेपर्यंतची तुमची वाट कागदावर काढा. विहीर, झाड, बांध, मोरी, जे लागते ते दाखवा. मराठी शाळेतल्या सरांनीही आपल्या वर्गाला तेच दिले. मुलांनी मन लावून काढले. कुणी कुत्रा भुंकतो ते घरही दाखवले. ते सगळे कागद जमिनीवर जोडून आम्ही त्यांच्यावरून बायपासची रेघ ओढली. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक मुलाची वाट त्या रेघेने कापली होती.

आता हे सगळे सांगायचे कुणी? खरी अडचण इथे आहे. 2013चा भूसंपादनाचा कायदा आला तेव्हा त्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद झाली. म्हणजे जमीन घेण्याआधी गावात येऊन विचारायचे, जमीन नसलेल्यांवरही काय परिणाम होईल ते पाहायचे. पण राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला हा भाग लागू नाही. मोबदल्याच्या तरतुदी 1 जानेवारी 2015पासून लागू झाल्या, विचारण्याची नाही. पैसे वाढले, कान वाढले नाहीत.

आणि 21 दिवसांची हरकत येते तेव्हा रेघ जवळजवळ पक्की झालेली असते. मला आठवले, त्याच्या दोन वर्षे आधी थंडीत काही तरुण तिपाईवरचे यंत्र आणि लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन आमच्या शेतात आले होते. चाचांनी त्यांना शहाळी पाजली. त्यांनी आम्हाला काही विचारले नाही आणि आम्हीही त्यांना काही विचारले नाही. खरी वेळ ती होती. रेघ पेन्सिलची असते तेव्हा खोडता येते.

याच पश्चिम किनाऱ्यावर, मुंबई-गोवा म्हणून आपण ओळखतो त्या 66 क्रमांकाच्या महामार्गावर, पुढे दक्षिणेत हेच घडले आहे. गोव्यात मडगावच्या पश्चिम बायपासच्या वेळी बाणावलीच्या लोकांनी सांगितले की सखल शेतातून भराव घालू नका, पाणी तुंबेल; रस्ता खांबांवरून न्या. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्यात कीळाट्टूरच्या शेतकऱ्यांनी भातशेतीतून जाणाऱ्या बायपासला विरोध केला. स्वतःला ते वयलकिळिकळ, म्हणजे शेतातली पाखरे, म्हणवून घेत. त्यांचे आंदोलन देशभर गाजले, पण आखणी बदलली नाही. ही माणसे रस्त्याची दुश्मन नव्हती. पाणी कुठे जाते हे त्यांना माहीत होते, एवढेच.

उरलेल्या दिवसांत आम्ही हरकती लिहिल्या. एकच अर्ज आणि खाली पन्नास सह्या असे केले नाही. प्रत्येक खातेदाराचा वेगळा अर्ज, त्याचा सर्व्हे नंबर, आणि कारणे एक-दोन-तीन अशी. परदेशात असलेल्यांशी रात्री फोनवर बोलून त्यांचे अर्ज वकिलांमार्फत केले. मुलांची वाट, कब्रस्तान, पऱ्याचे पाणी हे मुद्दे आम्ही खातेदारांच्याच अर्जात घातले, कारण दुसरे दार नव्हते. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घेतली. त्याशिवाय ग्रामसभेचा ठराव केला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा नियम आमच्याकडे कागदावरच होता. त्या वेळी ती पहिल्यांदा खरोखर भरली. मोहल्ल्यातल्या, कुणबी वाडीतल्या आणि आदिवासी वाडीतल्या बायका एका सतरंजीवर बसल्या होत्या.

हे सगळे चालू असताना एका संध्याकाळी फुफींनी मला विचारले, "दुल्हन, अर्जावर माझा अंगठा कुठे घ्यायचा?"

मी सातबारा पुन्हा पाहिला. त्यांचे नाव नव्हते. फेरफार काढला तेव्हा कळले. दादा, म्हणजे फुफींचे वडील, वारले तेव्हा वारस म्हणून तिघांची नावे लागली होती: सासरे, चाचा आणि फुफी. वर्षभराने हक्कसोडपत्राने फुफींचे नाव कमी झाले होते.

फुफींना हक्कसोडपत्र हा शब्द माहीत नव्हता. तालुक्याला नेले होते, अंगठा घेतला होता, येताना भाईंनी साडी घेऊन दिली होती, एवढे आठवत होते. "भाई म्हणाले, कागद सारखा करायचा आहे. मी म्हटले, करा." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "मग मी हितसंबंधित नाही?"

तो शब्द त्यांनी माझ्याच तोंडून ऐकला होता. मी काही बोलू शकले नाही.

ज्या पानावर आमचे नाव नव्हते, नुसता नंबर होता, त्या पानाचा मला राग आला होता. आम्हाला न विचारता आमच्या जमिनीचे ठरवतात म्हणून मी आठवडाभर लोकांना सांगत होते. आणि आमच्याच पेटीत असा कागद होता की ज्यात एका बाईला न विचारता तिच्या जमिनीचे ठरवले होते. सरकारने निदान 21 दिवस दिले होते. आम्ही तेवढेही दिले नव्हते. त्या शेताचे भात मी एकवीस वर्षे शिजवते आहे.

सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, मुलाच्या वाट्याच्या निम्मा. दादी आधीच वारल्या होत्या. दोन मुलगे, एक मुलगी. म्हणजे जमिनीचे पाच वाटे आणि त्यातला एक फुफींचा. हे गणित मी वर्गात फळ्यावर सोडवू शकते. घरात कधी मांडले नव्हते.

त्या रात्री मी मालकांशी बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अब्बांवर आरोप नको करू." मी म्हटले, "आरोप नाही. अब्बांच्या डोक्यावरचे ओझे उतरवू या." त्यांनी कुवेतला धाकट्या दीरांना फोन लावला, मग मुंब्र्याला मोठ्या जेठांना, मग दुसऱ्या दिवशी चाचांपुढे विषय काढला. धाकटे दीर लगेच तयार झाले. चाचांनी दोन दिवस घेतले आणि म्हणाले, मोबदला आला की माझ्याकडून तिचा हिस्सा आधी निघेल. मोठ्या जेठांनी अजून उत्तर दिलेले नाही. मी हे लपवत नाही, कारण बहुतेक घरांत एक उत्तर असे राहतेच.

लोकांना वाटेल की फुफी म्हणाल्या असतील, मला पैसे नकोत, तुमचे प्रेम पुरे. तसे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पैसे हवेत. डोळ्यांचे ऑपरेशन करायचे आहे. पण तेव्हाच विचारले असते तर बरे वाटले असते."

सुनावणीच्या दिवशी फुफी आमच्याबरोबर आल्या. कारकुनाने विचारले, "आजी, तुमचा सर्व्हे नंबर?" मी पुढे होऊन काही सांगणार तेवढ्यात अधिकारीच म्हणाले, बसू द्या त्यांना. त्यांनी मुलांचे नकाशे पाहिले. फुफींना विचारले, पाणी किती चढते? फुफींनी उठून स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून दाखवले. ते लिहून घेतले गेले. कायद्यात त्यांना जागा नव्हती. एका माणसाने पाच मिनिटे दिली म्हणून त्या बोलल्या. दुसरा अधिकारी असता तर कदाचित बोलल्या नसत्या. हक्क असा कुणाच्या स्वभावावर अवलंबून नसावा.

निकाल अर्धाच आमच्या बाजूने लागला. रेघ हलली नाही. घरामागचे शेत जाणार. पऱ्यावर आधी दाखवलेल्या लहान मोरीच्या जागी मोठी चौकोनी मोरी आली आणि शाळेच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग आराखड्यात दिसू लागला. कब्रस्तानाच्या वाटेची हरकत फेटाळली. जनाजा सेवारस्त्याने वळसा घालून न्यावा लागेल. बाजारातल्या दुकानदारांसाठी काहीच नाही. काम अजून सुरू झालेले नाही. कागदावरचा भुयारी मार्ग जमिनीवर होतो की नाही, यावर आम्हाला लक्ष ठेवावे लागेल.

इस्लामच्या इतिहासातला एक प्रसंग त्या दिवसांत मला सारखा आठवत होता. मस्जिद-ए-नबवी वाढवायची होती आणि शेजारी हजरत अब्बास (रजि.) यांचे घर होते. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी ते मागितले. अब्बासांनी नकार दिला. काम अल्लाहच्या घराचे, मागणारा खलीफा. तरीही घर जबरदस्तीने घेतले गेले नाही. दोघे हजरत उबई बिन काब (रजि.) यांच्याकडे निवाड्याला गेले आणि निवाडा खलीफांच्या विरोधात गेला. उमरांनी तो मानला. त्यानंतर अब्बासांनी स्वतःहून ते घर मस्जिदीसाठी देऊन टाकले. आपण हा प्रसंग उमरांच्या न्यायासाठी सांगतो. मला त्यातले अब्बासांचे वागणे महत्त्वाचे वाटते. ज्याला नाही म्हणता आले, त्याचे हो मनापासून आले.

कुरआनने श्रद्धावंतांच्या लक्षणांत आपसातल्या सल्लामसलतीला नमाजच्या शेजारी जागा दिली आहे, आणि त्या सूरहचे नावच शूरा आहे. हुदैबियाच्या कठीण प्रसंगी खुद्द प्रेषितांनी (स.) हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला. मग आमच्या मदरशाच्या खोलीत बाईची खुर्ची दारापाशी का, हा प्रश्न मी मौलानांना अदबीने विचारला. त्यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. आता जमातीच्या बैठकीत पडद्याची सोय करून बायकांना बसवतात. सगळ्याच बोलत नाहीत, पण बोलतात.

माझ्या वाचक भगिनींना आणि भावांना एवढेच सांगते. तुमच्या गावाजवळ कुणी यंत्र लावून मोजणी करताना दिसले तर चहा जरूर पाजा, पण कशाची मोजणी हेही विचारा, आणि ग्रामपंचायतीत जाऊन लेखी विचारा. घरात एक तरी माणूस मराठी पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचणारा असू द्या. सर्व्हे नंबर पाठ नसतील तर एका वहीत लिहून ठेवा. वडील वारले असतील तर वारस नोंद करून घ्या, बहिणींसह. कब्रस्तान आणि वक्फच्या जमिनीची नोंद कागदावर आहे का ते पाहा. आणि हे सगळे करायला पेटी उघडाल तेव्हा फेरफारही काढा, आणि कुणाचे नाव कधी व कसे कमी झाले ते वाचा. ती व्यक्ती हयात असेल तर तिला बोलावून विचारा.

फुफींचे एका डोळ्याचे ऑपरेशन गेल्या महिन्यात झाले, अल्हमदुलिल्लाह. मोबदला अजून यायचा आहे. खर्च धाकट्या दीरांनी आधीच पाठवला. पट्टी काढल्यावर त्या मला म्हणाल्या, "दुल्हन, चल, शेत बघून येऊ. रस्ता व्हायच्या आधी एकदा नीट बघते."